बाहेरून लावलेली कडी

सुचिताच्या आत्तेसासू सत्यभामाबाई शुक्रवारी सकाळच्या एसटीनं चिखलीहून पिंपळगाव राजाला आल्या. पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि चहा येण्याआधीच त्यांनी सुचिताला जवळ बसवून घेतलं. रविवारी पुष्पांजलीचं साक्षगंध होतं. खामगावहून पंचवीस-तीस पाहुणे येणार होते. तेवढे दोन-तीन दिवस सुचिताच्या मुलीला, संजीवनीला मेहकरला तिच्या मामाकडे पाठवून द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"पोट्टी वाईट नाही, मी कधी म्हनलं तसं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पन घडीघडी मान झटकते, हुक्क करते. आपल्याले सवय हाय. लोकाइले काय माहीत?"

सुचितानं जावेकडे पाहिलं. कौशल्याबाई सुपात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. पुष्पांजली त्यांचीच मुलगी. त्यांनी मान वर केली नाही, आणि सुचिताला कळलं की हे बोलणं आधी फोनवर होऊन गेलेलं आहे. सोळा वर्षं दोघी एका चुलीवर स्वयंपाक करत आल्या होत्या. कौशल्याबाई डाळीतले खडे इतक्या मन लावून कधीच निवडत नसत.

राग यायला हवा होता. पण सुचिताच्या मनात आधी काय आलं, ते तिनं पुढे कित्येक दिवस कुणाला सांगितलं नाही. तिला आधी बरं वाटलं. दोन दिवस लोकांच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही. कुणाची नजर संजूवर थांबली, कोण कुणाच्या कानाला लागलं, हे टिपत बसावं लागणार नाही.

संजीवनी चौदा वर्षांची होती. ती लहानपणापासून वेगळी होती. बोलायला उशिरा लागली, आणि लागली ती टीव्हीवरच्या बातम्यांसारखं. घरात सगळे मले-तुले करत असताना ही मला-तुला करायची. जवळ घेतलं की लाकडासारखी व्हायची. ताटात भाजीचा रस पोळीला लागला तर उठून जायची. सातव्या वर्षी तिचे डोळे मिचकायला लागले. मग मान झटकायला लागली आणि मग घशातून तो आवाज आला. शाळेतल्या बाईंना वाटलं नकला करते. शेजारच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलंय. दोन ठिकाणी अंगारे झाले, एका ठिकाणी धूर झाला. तीन वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला दोन तास नुसतं पाहिलं आणि सांगितलं, की या एका मुलीत दोन गोष्टी आहेत. एक ऑटिझम, दुसरी टिक्स. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात आणि घरची माणसं गोंधळतात.

त्यांनी सुचिताला फरक समजावून सांगितला होता. संजू दोन्ही हातांची बोटं तोंडासमोर पानांसारखी हलवते, ते तिचं स्वतःचं आहे. त्यानं ती शांत होते. ते थांबवू नका. मान आणि आवाज मात्र शिंकेसारखे येतात. तिला ते नको असतात. शिंक दाबावी तसे ती थोडा वेळ दाबू शकते, पण मग तिचं सगळं लक्ष त्या दाबण्यातच संपतं. सुचितानं इतकी वर्षं नेमकं उलटं केलं होतं. लोकांसमोर ती मुलीचे हात धरून ठेवायची आणि आवाजावरून रागवायची. पोरीची विसाव्याची एकच जागा होती, तीच आपण बंद करत होतो, हे तिला अकोल्याहून परत येताना एसटीत कळलं होतं.

आणि मेहकर. दोन वर्षांपूर्वी संजू आठ दिवस मामाकडे राहिली होती. सुचिता आणायला गेली, तर पोरीनं आईकडे पाहिलंही नाही. निळी चादर धुतली का, एवढंच विचारलं. सुचिताला हे माहीत होतं की पोरीचा स्वभावच तसा आहे, त्यात माया नसण्याचा प्रश्न नाही. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं होतं. पण माहीत असणं वेगळं. आपल्या मुलीनं एकदा तरी आपली वाट पाहावी, एवढीच तिची भूक होती, आणि ती भूक तिनं कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

नवरा, गोकुळ वावरातून आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. दर खेपेला संजूला अकोल्याला नेताना थोरला भाऊ माणिकदादाच बरोबर आला होता. दवाखान्याच्या रांगेत तोच उभा राहिला होता. त्याच्याच मुलीचा दिवस होता.

"दोनच दिवसाची गोष्ट हाय," गोकुळ म्हणाला. मग सुचिताकडे न पाहता त्यानं हात धुवायला पाणी मागितलं.

*

पुष्पांजली आणि संजीवनी एकाच खोलीत राहायच्या. खिडकीखालचा पलंग संजूचा, दाराजवळचा पुष्पाचा. पुष्पा खामगावला एका लॅबमध्ये काम करायची. तिचा होणारा नवरा, प्रेमही तिथल्याच एका जिनिंगमध्ये होता, कापसाची प्रत ठरवायच्या कामावर. स्थळ चिखलीच्या सत्यभामाआजीनं आणलं, पण मागच्या दोन महिन्यांत दोघांनी फोनवर जे बोलून घेतलं होतं, ते स्थळाच्या पुढचं होतं. तो हसायचा तेव्हा आधी श्वास आत घ्यायचा. तेवढ्यावरून पुष्पाला कळायचं की आता हसणार. दिवसभर लॅबमध्ये नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना ती त्या श्वासाची वाट पाहायची.

संजू पलंगावर बसली होती. पुष्पाकडे पाहत नव्हती, पण बोलली.

"मला मेहकरला पाठवणार आहेत. तुला माहीत आहे का?"

पुष्पाला माहीत होतं. आईनं काल सांगितलं होतं, आणि ती हो म्हणाली नव्हती तशी नाहीही म्हणाली नव्हती.

"एक विचारायचं आहे," संजू म्हणाली. "तू फोनवर त्यांना सांगितलंस, की आमच्या खोलीत कबुतर आहे. आपल्या खोलीत कबुतर नाही. मी तीन दिवस पाहिलं. मग मला समजलं. कबुतर म्हणजे मी आहे का?"

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती, आणि त्यामुळेच पुष्पाला तोंड लपवायला जागा उरली नाही. प्रेमनं एका संध्याकाळी विचारलं होतं, हा कसला आवाज येऊन राह्यला, आणि तिच्या तोंडून ते निघून गेलं होतं. मग प्रत्येक फोनला तो कबुतराची चौकशी करायचा. दोघं हसायचे. संजू तीन हातांवर बसलेली असायची.

"हाव," पुष्पा म्हणाली. "माही चूक झाली ते."

"ठीक आहे," संजू म्हणाली, आणि तिची मान झटकली. एकदा, दोनदा. पुष्पाला वाटलं, उठून हिला कुशीत घ्यावं. पण तसं संजूला चालत नसे. म्हणून ती दोन पलंगांच्या मधल्या फरशीवर जाऊन बसली. संजूला एवढं अंतर चालायचं.

*

दुपारची जेवणं झाल्यावर सगळे ओसरीवर बसले. सुचिताचे सासरे वामनराव खाटेवर होते. चौऱ्याहत्तरी उलटलेली. बायको, झुंबरबाई गेल्यापासून ते घरातल्या गोष्टींत बोलत नसत. मुलं ठरवायची आणि ते मान हलवायचे. सत्यभामाबाईंनी रीत म्हणून थोरल्या भावाच्या कानावर विषय घातला. मामाला फोन झालाय, सकाळच्या जीपनं गोकुळ सोडून येईल, असं सांगितलं आणि म्हणाल्या, "दादा, तू हो म्हन."

वामनरावांनी विचारलं, "तिले इचारलं काय कोनी?"

कुणी विचारलं नव्हतं. माणिकराव म्हणाले की आबा, एकाच दिवसाची गोष्ट आहे.

म्हातारा खाटेच्या कडेला सरकून बसला. "भगवंतालेही एकच दिवस सांगतलं होतं," तो म्हणाला.

हे नाव त्या घरात कुणी घेत नसे. मुलांना एवढंच माहीत होतं, की आबांना एक धाकटा भाऊ होता आणि तो तरुणपणी घर सोडून गेला. माणिकराव आणि गोकुळ दोघांनी बापाकडे पाहिलं. सत्यभामाबाईंनी मात्र पदर तोंडाशी धरला आणि जमिनीकडे पाहिलं.

वामनरावांनी ते पहिल्यांदाच सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, की हुंदका आला नाही. भगवंत त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. लहानपणापासून कुणाच्या डोळ्यात पाहून बोलला नाही. विहिरीला सात फेरे घातल्याशिवाय पाणी प्यायचा नाही. दहाव्या वर्षापासून खांदा उडायला लागला, आणि घशातून कुत्र्याच्या पिलासारखा आवाज निघायचा. वडिलांनी त्याला कुठं कुठं नेलं. धुरात बसवलं. कडुलिंबाच्या फोकांनी मारलं. वामनरावांचं लग्न ठरलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. वरात निघायच्या सकाळी वडील म्हणाले, याले कापसाच्या खोलीत ठेवा, एक दिवसाचा प्रश्न आहे.

"कडी मी लावली," वामनराव म्हणाले. "बाहेरून. माह्या हाताले हळद होती. ते कडीले लागली."

वरात परतली तिसऱ्या दिवशी.

मग सत्यभामाबाई बोलल्या, आणि त्या भावाशी बोलत होत्या की स्वतःशी, ते कळत नव्हतं. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. भगवंताला खायला द्यायला त्यांना मागं ठेवलं होतं. खिडकीच्या गजांतून त्या भाकर द्यायच्या. दार उघडायचं नाही, असं बजावलेलं होतं.

"तो म्हने, सत्या, म्या आवाज बंद केला, पाह्य, ऐक. आन् खरंच आवाज नव्हता. अर्धा दिवस त्यानं आवाज होऊ देला नाही. मले वाटलं, झोपला असन. म्या नाही उघडलं."

पुढचं वामनरावांनी सांगितलं. लग्नानंतर आठ दिवसांनी भगवंत गेला. जलंबच्या फलाटावर कुणी त्याला गाडीत चढताना पाहिलं. वडील म्हणाले, येईल भूक लागली की. तो आला नाही. वामनराव बाजाराचं निमित्त करून वर्षभर जलंबला जात राहिले. गाड्या पाहत बसायचे आणि परत यायचे. पोलिसांत गेले नाहीत, कुठं कळवलं नाही, कारण कळवायचं तर कडीचं सांगावं लागलं असतं.

"बावन वर्स झाले," ते म्हणाले. "गर्दीत कोनी घसा खाकरला का मान वळते माही. सात वर्सापयले ह्या पोरीनं आतल्या खोलीत पयल्यांदा आवाज काढला, तवा मी जेवत होतो. मले वाटलं, आला. ताटावरून उठून गेलो मी. तिथं हे एवढीशी उभी होती."

सुचिताला ते आठवत होतं. सासरे उठून आले होते, दाराशी थांबले होते आणि न जेवताच बाहेर निघून गेले होते. तिला तेव्हा वाटलं होतं, पोरीच्या आवाजाला कंटाळले.

सत्यभामाबाईंचे डोळे पाझरत होते, पण त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. भगवंत गेल्यावर त्यांना पाहायला आलेली तीन स्थळं परत गेली होती. त्या घरात वेड आहे, असं झालं होतं. चौथ्या ठिकाणी बिजवर मिळाला, दोन लेकरांचा बाप. "माहं आयुष्य वाईट गेलं नाही," त्या म्हणाल्या. "पन मले निवडता आलं नाही. पुष्पीचं तसं होऊ नये, एवढंच म्हनते मी."

तेही खरं होतं. थोड्या वेळानं माणिकराव म्हणाले, की संजू घरीच राहील. गोकुळनं मान खाली घातली. कौशल्याबाई उठून आत गेल्या आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

सुचिता आत जाऊन मुलीला विचारून आली. संजूनं थोडा विचार केला होता आणि सांगितलं होतं, की ताईला कुंकू लावतात ते तिला बघायचं आहे. तेवढं झालं की ती खोलीत जाईल आणि कडी लावून घेईल. आतून.

*

रविवारी पाहुणे अकराला येणार होते. ते वेळेवर आले, पण नवऱ्या मुलाच्या काकांची जीप मागं राहिली आणि त्यांच्यासाठी सगळे थांबले.

संजूनं ठरवलं होतं की आवाज होऊ द्यायचा नाही. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. अर्धा तास, असं आई म्हणाली होती, आणि अर्धा तास तिला जमायचं. ती पुष्पाच्या मागं, भिंतीला टेकून बसली. मानेत उजवीकडे, कानाच्या खाली ते सुरू झालं. आधी खाज सुटल्यासारखं, मग कुणी आतून दोरी ओढत असल्यासारखं. तिनं मांडवाच्या कापडावरच्या पट्ट्या मोजायला घेतल्या. अर्धा तास झाला. काका आले नाहीत. बायका मोठ्यानं बोलत होत्या, पंखा खटखटत होता, अत्तराचा वास होता, आणि कुणीतरी तिच्या दंडाला हात लावून किती मोठी झाली म्हणालं. तिला बोटं हलवायची होती. पण हात वर केला असता तर सगळं लक्ष तिकडं गेलं असतं आणि मान सुटली असती. तिनं हात मांडीखाली दाबून धरले. एक तास झाला. आता तिला माणसांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त तोंडं हलताना दिसत होती.

सुचिता समोरून पाहत होती. मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. अशी शांत, सरळ बसलेली संजू पाहून एखाद्याला वाटलं असतं, किती गुणी पोरगी. सुचिताला उठून तिच्याकडे जावंसं वाटलं, पण मध्ये तीन रांगा बायका होत्या, आणि तेवढ्यात जीप आली.

पुष्पाला पाटावर बसवलं. प्रेमची आई, सोजराबाई, कुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाल्या. त्यांनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि पुष्पाच्या कपाळाकडे नेलं.

तेव्हा ते सुटलं. मान इतकी झटकली की डोकं भिंतीवर आपटलं. आवाज एकदा नाही, एकामागून एक, दहा-बारा वेळा. दीड तासाचे सगळे. सोजराबाईंचं बोट हवेत थांबलं.

सत्यभामाबाई चटकन म्हणाल्या, "उचकी लागली पोरीले. पानी द्या."

"ही उचकी नाही," संजू म्हणाली. मध्येच आवाज फुटत होता, तरी ती पूर्ण सांगत होती. "याला टिक म्हणतात. मला ऑटिझमसुद्धा आहे. दोन्ही वेगळं आहे. मी जास्त वेळ थांबवलं, म्हणून जास्त झालं."

मग ती उठली, बायका बाजूला झाल्या, आणि ती खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. सुचिता जाऊन दाराशी बसली. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. आतून येणारा आवाज तिनं बाहेर बसून ऐकला.

प्रेमचे वडील नारायणराव सज्जन माणूस होते. त्यांनी आवाज चढवला नाही. माणिकरावांना त्यांनी विचारलं की हे आम्हाला आधी का कळलं नाही. मग नारायणरावच पुढे म्हणाले, "राग नका मानू. पन इचारावं लागते. हे पुढं लेकराइत येते काय?"

सगळ्यांनी माणिकरावांकडे पाहिलं. उत्तर पुष्पानं दिलं. ती पाटावरून उठली नाही.

"येऊ शकते," ती म्हणाली. "आमच्या आबाचे भाऊही असेच होते. येईनच असं नाही, आणि येणारच नाही असंही मी म्हणत नाही." मग तिनं प्रेमकडे पाहिलं. "फोनवर मी तुम्हाले कबुतर सांगतलं होतं. ते कबुतर नव्हतं. ते माही बहीण होती."

प्रेमनं तिच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या पायांकडे पाहिलं. तो श्वास आत घेईल, काहीतरी बोलेल, म्हणून पुष्पा थांबली. नारायणराव म्हणाले की आम्ही घरी बसून बोलतो. सोजराबाईंनी बोटाचं कुंकू कोयरीच्या काठाला पुसलं.

तरी पाहुणे जेवून गेले. शिजलेल्या अन्नाला नाही म्हणू नये, असं नारायणराव म्हणाले. पंगत बसली, बुंदी वाढली गेली, आणि कुणी कुणाला आग्रह केला नाही.

*

नऊ दिवस काही कळलं नाही. कौशल्याबाई सुचिताशी बोलत नव्हत्या. स्वयंपाक दोघी मिळूनच करायच्या, पण मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घ्यायच्या. सत्यभामाबाई चिखलीला परतल्या होत्या. तिथून त्या रोज फोन करून भावाला विचारायच्या, आणि विषय संपल्यावरही दोघं फोन ठेवत नसत. माणिकरावांनी एकदा ओसरीवरून जाताना ऐकलं, वामनराव विचारत होते, की त्या दिवशी त्यानं भाकर खाल्ली होती का. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांना ऐकू आलं नाही. वामनराव नुसतं हूं म्हणाले.

दहाव्या दिवशी, बुधवारी पुष्पाची सुट्टी होती. दुपारी प्रेमचा फोन आला. तो बराच वेळ बोलला. घरी त्यानं खूप भांडून घेतलं होतं. लेकरांचं पुढचं पुढं पाहू, असं वडिलांना पटवलं होतं. आईही तयार झाली होती. फक्त एक गोष्ट होती. लग्नात मोठ्या सोयरिकीची माणसं येणार. त्या एका दिवसापुरती संजूची दुसरीकडे व्यवस्था करावी. मग ती कधीही आली, राहिली तरी त्याला चालणार होतं. तो मनापासून सांगत होता, हे पुष्पाला कळत होतं.

तिला हो म्हणायचं होतं. खामगावचं ते दोन खोल्यांचं घर तिनं पाहिलं नव्हतं, पण त्याची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते तिला माहीत होतं. संध्याकाळी जिनिंगचा भोंगा झाला की तो किती वाजता घरी पोचतो तेही माहीत होतं.

"आमच्या घरी असंच एक दिवस म्हणून एकाले ठेवलं होतं," ती म्हणाली. "मले जमणार नाही."

तो म्हणाला, विचार कर. ती म्हणाली, केला. फोन कुणी आधी ठेवला ते तिला नंतर आठवलं नाही. तिनं आईला जाऊन सांगितलं. कौशल्याबाई तिला खूप बोलल्या. संजूला नाही बोलल्या, सुचितालाही नाही, पोटच्या मुलीलाच बोलल्या, आणि बोलता बोलता तिचे केस मागं सारत राहिल्या. माणिकराव ऐकून वावरात निघून गेले.

उन्हं कलायला लागली तेव्हा सुचिता वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन मुलींच्या खोलीकडे आली. दार अर्धं उघडं होतं. पुष्पा आपल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडणं संपलं होतं, पण पाठ हलत होती. संजू खिडकीशी उभी होती.

"तुझं लग्न होणार नाही का?" संजूनं विचारलं.

"ह्याच्याशी नाही."

"मग तू इथंच राहशील?"

"राहीन."

"किती दिवस?"

"माहीत नाही संजू."

"अंदाजे सांग."

पुष्पानं नाक पुसलं. मग म्हणाली, "पेरणीपर्यंत तरी. पुढचं सांगता येत नाही."

संजूनं मनाशी महिने मोजले असावेत. तिचा आवाज झाला, मान झटकली, आणि मग ती नेहमीच्या बातम्यांच्या सुरात म्हणाली, "तुला वाईट वाटतं आहे, ते मला दिसतं आहे. पण तू गेली असतीस तर मला करमलं नसतं."

भिंतीकडची पाठ थांबली. पुष्पा वळली आणि तिच्याकडे पाहत राहिली.

सुचिता दारातच उभी होती. असं एक वाक्य या तोंडून ऐकायला ती चौदा वर्षं थांबली होती, आणि ते आलं होतं, पण तिच्या वाट्याचं नव्हतं. आपल्याला आनंद झाला की हेवा वाटला, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. तिनं कपडे तिथंच उंबऱ्याशी ठेवले, पाऊल न वाजवता मागं वळली, आणि स्वयंपाकघरात जाऊन कौशल्याबाईंच्या शेजारी बसली.

"बाई," ती म्हणाली, "आपल्या संजूले कोनाविना करमत नाही, माहीत हाय काय तुम्हाले?"

कौशल्याबाईंनी दहा दिवसांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनाविना?"